खांद्यापाशी मोटर

थोरलीने यंत्राचा लोखंडी हात कोपराशी धरला आणि हलकेच उचलून पाहिला. चांगलाच जड होता.

"ताई, नका हात लावू. मोडला तर आपल्याच माथी मारतील," धाकटी जाऊ डब्याचं झाकण उघडत म्हणाली.

दोघी जावा नऊ वर्षं या पट्ट्याशी शेजारी शेजारी उभ्या होत्या. पट्ट्यावरून चॉकलेटं येत आणि बारा बायका ती उचलून खोक्यांतल्या खाचांत बसवत. यंत्राने नेमकं हेच करायचं होतं. पण मिनिटाला तीसच्या वर गेलं की त्याचा हात लटपटे, एखादं चॉकलेट थेट भिंतीवर जाऊन आपटे आणि बायका हसून बेजार होत. सुपरवायझरने स्पष्टच सांगितलं होतं : यंत्र चाललं तर पट्ट्यावर एकच बाई राहील, महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही तर यंत्र परत. महिना संपायला चार दिवस होते, त्यामुळे बायका निर्धास्त होत्या.

जेवणाची सुट्टी झाली तरी चष्मेवाला इंजिनिअर उकिडवा बसून तोच स्क्रू पिळत होता. थोरलीला त्याची दया वगैरे काही आली नाही. चुकीचं चाललेलं काम तिला बघवत नसे, एवढंच.

"साहेब, मोटर मनगटावर कशाला बसवलीत?"

"मग कुठे बसवू?" तो वैतागला.

"भरलेली पिशवी मनगटाला लटकवून चॉकलेटं उचलायची म्हटली तर माझाही हात थरथरेल. वजन वर राहू दे, खांद्यापाशी. खाली नुसतं हलकं काहीतरी येऊ दे, काड्यांसारखं."

तिने चार चॉकलेटं बसवून दाखवली. खांदा जागचा हलला नाही. इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कागद शोधायला लागला. संध्याकाळी त्याने सहा महिन्यांची मुदत मागून घेतली.

नवं यंत्र आलं तेव्हा मोटरी सगळ्या वरच्या चौकटीत घट्ट बसवलेल्या होत्या आणि खाली उतरत होते तीन बारीक दांडे. मिनिटाला एकशे वीस, एकही खाच न चुकता. बायकांनी अर्धा तास पाहिलं. मग कोणी बघेना.

शुक्रवारी कामावर राहणाऱ्यांची यादी लागली. एकच नाव होतं, थोरलीचं. इंजिनिअरने शब्द टाकला होता म्हणे.

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी कपाट रिकामं करत होती. थोरली दाराशी उभी राहिली. आपल्याला वाईट वाटतंय की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"मीच सांगितलं त्याला. मोटर वर घ्या म्हणून."

"माहीत आहे. मी तिथेच तर जेवत होते."

"मग इतके दिवस घरात काही बोलली का नाहीस?"

धाकटीने एप्रनची घडी घातली. नीट बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

"काय बोलू? पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं मला, वजन चुकीच्या जागी आहे ते. सांगू की नको, सांगू की नको करत बसले. त्या दिवशी जेवून उठले की सांगणारच होते, तेवढ्यात तुम्ही बोललात."

धाकटीने पिशवीची चेन ओढली.

"सोमवारपासून डबा एकच करायचा ना?"

"हो," थोरली म्हणाली.