पाण्यातला ण

मी औषधाच्या दुकानात बसते, म्हणजे माझा धंदाच संशयाचा. डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की औषधाचं नाव नंतर, आधी मी अक्षर बघते. खरा डॉक्टर घाईघाईत खरडतो. झोपेच्या गोळ्यांसाठी खोटी चिठ्ठी करणारा मात्र जीव लावून लिहितो आणि तिथेच पकडला जातो. आमचे हे म्हणतात, "तुला सरळ रेघेतही वाकडं दिसतं." दिसतंच. वाकडं असतं म्हणून दिसतं.

याच गोष्टीवरून आईशी माझं जन्माचं भांडण. तिनं घराच्या मागच्या खोलीत टाइपिंगचा क्लास चालवला, आधी मशीनवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. हातानं लिहायचा तिला भयंकर कंटाळा. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरलेलं! फोनच्या काचेवर टाइप करणंही तिला पसंत नाही. "काच पुसायची असते, तिच्यावर लिहायचं नसतं," म्हणते. मी तिला म्हणायचे, "आई, टाइपाला चेहरा नसतो. कोणीही यावं आणि तुझ्या नावानं टाइप करून जावं, कळणार कसं?"

"चुकांवरून," ती म्हणायची. "कागद बघितला की कोणाची करंगळी आळशी आहे ते मला कळतं. अक्षराची नक्कल करता येते गं, चुकीची करता येत नाही."

तिच्या क्लासात मीही बसले आहे. मराठी कीबोर्डच्या एकेका बटणावर दोन अक्षरं असतात, एक खाली, एक वर. आई शिकवायची, "खालच्या मजल्यावरची अक्षरं फुकट. वरच्या मजल्यावर जायचं तर जिना लागतो. शिफ्ट म्हणजे जिना. एक हात जिन्यावर ठेवायचा, दुसऱ्यानं अक्षर दाबायचं. आणि शिफ्ट करंगळीनंच! बोट बदललं की बोटावर पट्टी." पट्ट्या मीच सगळ्यात जास्त खाल्ल्या.

आता ती धाकट्याकडे असते, म्हणजे आपल्याच घरात, माझा धाकटा भाऊ आणि भावजयीबरोबर. मी बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. आईला कानानं कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं म्हणजे दोघींनी ओरडायचं आणि दोघींनी चिडायचं. म्हणून ती रोज सकाळी कॉम्प्युटरवरून निरोप पाठवते. शुद्ध, ठाशीव, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही, आणि खाली 'आई'. मला रोज पाठवत असली तरी प्रत्येक वेळी खाली 'आई' लिहिणारच. जसं काही मला दुसरंच कोणी लिहिणार आहे.

आणि एके दिवशी आलं हे:

"वेलेवर जेव. पानी गरम करून पी. कालजी करू नको. मी बरी."

मी दुकानात उभी होते, तशीच स्टुलावर बसले. पानी? कालजी? माझी आई? जिनं 'पाणी'तला ण चुकला म्हणून एका मुलाकडून पानभर ण काढून घेतले होते, ती? 'मी बरी'पुढचा 'आहे' कुठे गेला? आणि खाली 'आई' नाही.

आता सांगूनच टाकते. मी भावजयीला पाण्यात पाहते, असं आई म्हणायची. खरंच आहे. पाण्यातच पाहते, कारण ती पाण्याला 'पानी' म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा "ताई, पानी देऊ?" म्हणाली आणि मी सगळ्यांसमोर हसले होते. घरात तिचं नाव मी पानीबाई पाडलं. मागच्या खेपेला त्यावरूनच वाजलं, धाकटाही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलला, आणि मी तडक पिशवी उचलून परत आले. तेव्हापासून गेले नव्हते. मला बोलावल्याशिवाय मी जाणार नाही, असं ठरवून बसले होते. कोणी बोलावलं नाही.

तर 'पानी' कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी आलं, "दुकानात बसून पाट दुकते का." पाठ नाही, पाट! त्याच्या पुढच्या दिवशी आणखी तसंच. मी आधीचे निरोप उघडून बसले. गेल्या कित्येक महिन्यांचे सगळे कसे लख्ख! "थंडी वाढली आहे, छातीला जप. औषधं विकणारीनं स्वतः आजारी पडू नये. आई." हा निरोप तर मी दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवला होता, "बघा, या वयात एक चूक नाही!" म्हणून.

"हे बघा," मी ह्यांच्यापुढे फोन धरला. "इथपर्यंत आई आहे. इथून पुढे ती नाही."

ह्यांनी चष्मा लावून वाचलं. "थकली असेल गं."

"थकली तर कमी लिहील. अशुद्ध लिहिणार नाही. तिला कोणी कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीये. तिच्या नावानं दुसरंच कोणी लिहितंय."

"कशासाठी?"

ते मलाही सांगता येत नव्हतं, आणि तीच तर भीती होती. माणूस धडधाकट असेल तर त्याच्या नावानं दुसऱ्यानं कशाला लिहायचं? माझ्या मनात एक विचार आला, तो मी तोंडानं उच्चारला नाही. पण त्या दिवशी गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम बांधून दिलं.

धाकट्याला फोन केला. "व्हिडिओ लाव आणि आईला समोर आण. मला तिचं तोंड बघायचंय."

"अगं, ती आत्ताच झोपली," तो म्हणाला आणि खोकला.

धाकट्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. खोटं बोलला की खोकतो.

"सकाळी अकराला झोपली?"

"रात्री झोप नव्हती लागली." पुन्हा खोकला.

"खोकल्यावर काहीतरी घे," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मग मात्र माझा तोल गेला. आईच्या नावावर मी सरळ लिहून पाठवलं: "तू जी कोण असशील ती, नीट ऐक. माझ्या आईला पाणी लिहिता येतं. दुसऱ्याच्या आईचं नाव लावून लिहायला लाज वाटत नाही का? कोण आहेस तू?"

बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं. एकच अक्षर.

"मी"

मी! म्हणे मी! चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुढच्या सकाळी निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बोलावणं गेलं चुलीत, मी दुकान ह्यांच्या गळ्यात टाकलं आणि बस पकडली. बसमध्ये सगळा वेळ भावजयीला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. फार चांगली वाक्यं सुचली होती.

दार भावजयीनंच उघडलं. हात साबणानं भरलेले. मला बघून तिचा चेहरा उतरला, आणि मी मनात म्हटलं, सापडलीस.

"ताई! या ना. बसा जरा, मी आत सांगून येते."

"माझ्याच आईला भेटायला मला वर्दी द्यायला लागते?"

"तसं नाही हो. दोन मिनिटं बसा. पाणी घ्या आधी."

"पाणी नको मला." मी तिला बाजूला सारून सरळ मागच्या खोलीकडे निघाले. खोलीच्या दारात पोचल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. ती 'पाणी' म्हणाली होती. ण अगदी स्वच्छ. किती वर्षांपासून असा स्वच्छ होता कोण जाणे, मी कधी ऐकायला थांबलेच नव्हते.

आई खुर्चीत बसली होती, कॉम्प्युटरसमोर. मी हुश्श केलं. आहे! आहे माझी आई! मग मी पुढून बघितलं. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता, कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. तोंडाची उजवी बाजू जराशी खाली आली होती. डावा हात, संधिवातानं आधीच आखडलेला, कीबोर्डच्या कडेला पडला होता. कॉम्प्युटर बंद होता.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आई?" मी म्हटलं. तिनं काहीतरी म्हटलं, मला ते कळलं नाही. शब्द तोंडातच फुटत होता.

"झटका आला होता," मागून भावजय म्हणाली. हात पुसत दारात उभी होती. "थंडीच्या आधी. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं."

"थंडीच्या आधी! आणि मला कोणी सांगितलं नाही?" माझा आवाज चढला. "मी कोण आहे या घराची? मेले होते का मी?"

"त्यांनीच नको म्हटलं. दवाखान्यात एवढंच जेमतेम बोलल्या, 'ताईला नको.' पुन्हा पुन्हा तेच. मग पाटीवर डाव्या हातानं लिहून दाखवायला लागल्या, पण ते आम्हाला लागेना. शेवटी कीबोर्ड समोर ठेवला तेव्हा कळलं. त्यांचं म्हणणं, मी स्वतः टाइप करून सांगीन तिला. तोवर नको. तोवर तिला रोजचा निरोप जाऊ द्या."

"म्हणजे थंडीतले ते निरोप? छातीला जप?"

"मी लिहिले, ताई." तिनं मान खाली घातली. "त्यांचे जुने निरोप वाचून वाचून. एकेक ण तपासायचे, अनुस्वार तपासायचे. तुम्ही ओळखाल अशी धास्ती असायची."

ओळखलं नव्हतं. उलट लोकांना वाचून दाखवलं होतं.

"मग नंतरचे?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत झालेलं होतं.

"ते त्यांचे स्वतःचे. एका बोटानं. वेळेवर जेव, एवढं लिहायला सकाळ जायची. एका ओळीला दहादा पुसायच्या, पण मला हात लावू द्यायच्या नाहीत. पाठवलं की लहान मुलासारख्या हसायच्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचा परवाचा निरोप आला, त्याला उत्तर दिलं, आणि मग बंद करायला लावलं. त्यानंतर कॉम्प्युटरकडे बघितलेलं नाही. आज सकाळी मीच आणून बसवलं, तर नुसत्या बसून आहेत."

मला बसायला खुर्ची नव्हती. मी आईच्या शेजारी जमिनीवरच बसले. कीबोर्ड माझ्या नाकासमोर आला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. ळ वर. श वर. ठ वर, ख वर, ण वर. जिन्याशिवाय यातलं एकही मिळत नाही, आणि एका बोटाच्या माणसाला जिना कुठून? म्हणून ळ च्या जागी ल, ण च्या जागी जवळचा न. 'आहे' नाही, कारण आ वर. एकही चूक चुकून झालेली नव्हती, तिनं शोधून शोधून खालच्या मजल्यावरच्या शब्दांत मला लिहिलं होतं. चुकीवरून माणूस ओळखता येतो, असं तिनं मला जन्मभर सांगितलं, आणि मी बसले भावजयीची जीभ तपासत.

आणि 'आई'? आ वर, ई पण वर. तिला सगळं कसंबसं लिहिता येत होतं, तेवढं सोडून.

"मूर्ख आहे मी," मी मोठ्यानं म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं, पण तोंड वाचलं असावं, कारण तिनं मान हलवून दुजोरा दिला.

मी उठून कॉम्प्युटर लावला. पडद्यावर माझा तो निरोप आला, लाज वाटत नाही का, कोण आहेस तू, आणि त्याच्याखाली तिचं 'मी'. मला ते बघवेना. भावजयीकडे बघून म्हटलं, "तू इकडे ये गं, अशी दारात उभी राहू नकोस." ती आली, आईच्या खांद्याला हात लावून उभी राहिली.

मी शिफ्टवर बोट दाबून धरलं आणि आईकडे बघितलं.

ती हलली नाही. माझ्या बोटाकडे बघत राहिली, भुवया आक्रसून. मग तिचा डावा हात सावकाश उचलला गेला, आणि तिनं माझ्या बोटावर चापट मारली.

मी तर्जनीनं शिफ्ट दाबली होती.

मी बोट बदललं, करंगळी ठेवली. तिनं 'हं' केलं, ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. मग ते एकच बोट कीबोर्डवरून शोधत शोधत गेलं, थांबलं, आणि दाबलं. आ. शेजारचंच बटण, पण तेवढ्यालाही वेळ लागला. माझी करंगळी दुखायला लागली होती, मी सोडली नाही. ई.

कोण आहेस तू, असं मी विचारलं होतं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, वाचलंस का, अशा नजरेनं, आणि निरोप पाठवून दिला. माझ्या पिशवीत फोन वाजला.