वळूचा आकडा

वेल्डन फ्रीसेनच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचा आकडा असा निघाला, की जत्रेत पहिला आलेल्या वळूनं तो वाचला असता तर मान खाली घालून गोठ्यात परतला असता.

आणि हा बाबा? कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या आपल्या गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचा. ऑपरेशनात मेंदूखालची ग्रंथी गेली, तेव्हापासून आतही बर्फच. रिंकवरच्या बर्फावर निदान पोरं तरी खेळायची. मुलीला मुलगी झाली, फोटो आला. हा "छान" म्हणाला आणि सूप ढवळत बसला. त्याच हार्मोनचा जेल कातडीला लावायला सुरू केला, तरी तेच.

"आकडा फार वर गेलाय," डॉक्टर ओयेडेले म्हणाल्या. "जेल बंद करावा लागेल."

वेल्डन "बरं" म्हणाला. फाशी सुनावली असती तरी बरंच म्हणाला असता.

त्याची बायको लोरीन मात्र उसळली. "डॉक्टर, परवा आपली टीम फायनल जिंकली तेव्हा हा जांभई देत होता. याच्या अंगात वळू असेल तर तो मेलेला आहे. औषधही काढून घेतलंत तर उरेल काय?"

"मेलो नाही," वेल्डन म्हणाला. "भूक लागते."

"बघा. प्रेताला भूकही लागते."

डॉक्टर हसल्या, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि थांबल्या. "हिमोग्लोबिन होतं तिथंच आहे, कमी. हार्मोन खरंच एवढं चढलं असतं तर तेही चढलं असतं. हे दोन आकडे एकमेकांना ओळखत नाहीत. वेल्डन, जेल लावता कसा?"

वेल्डननं बाही वर करून दाखवलं. तरुणपणी तो हॉकीत गोलकीपर होता. मॅचआधी मलम खांद्यापासून कोपराच्या खळगीपर्यंत जिरवायचा. जेलही तसाच, रोज सकाळी, उजव्या हाताला. रक्त काढलं तेही त्याच खळगीतून.

"म्हणजे सुई जेलमधून आत गेली," डॉक्टर म्हणाल्या. "आपण रक्त मोजलंच नाही, कातडीवरचं औषध मोजलं."

पुढच्या आठवड्यात जेल लावण्याआधी, डाव्या हातातून रक्त घेतलं. आकडा असा आला, की वळू सोडाच, त्यावर कोंबडासुद्धा आरवला नसता. जेल बंद झाला नाही. मात्रा वाढली, आणि लावायचा फक्त खांद्यावर.

गाडीत बसल्यावर लोरीन रडली. वेल्डननं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काही वाटतंय?" तिनं विचारलं.

"अजून नाही. अशा वेळी हात ठेवायचा असतो, एवढं आठवलं."

"मग राहू दे तिथंच," लोरीन म्हणाली, आणि बराच वेळ तिनं गाडी सुरू केली नाही.