दार ढकलणारे काका

विभागप्रमुखांचा सिद्धांत तीस वर्षं जुना होता: मराठी माणूस काम उरकून सांगत नाही, रेंगाळवून सांगतो. 'ढकललं' म्हणायच्या जागी 'ढकलत राहिलो' म्हणतो. क्रिया संपली की चालू आहे, हे क्रियापद कसं दाखवतं यावर सरांनी पुस्तक लिहिलं, ते अभ्यासक्रमाला लागलं आणि सर मोठे झाले. पुरावा तेवढा राहून गेला होता. त्या कामाला त्यांनी आपल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला जुंपलं.

तिने सहा वर्षं मान मोडून इंटरनेटवरून एक कोटी शब्द गोळा केले, मिळेल तिथून. मग संगणकाला विचारलं, अशी रेंगाळणारी क्रियापदं किती? उत्तर आलं, चारशे अठरा. सर हरखले. तिनेही तक्ते केले, रंगीत आलेख काढले. वाक्यं मात्र एकदाही वाचली नाहीत. वाक्यं वाचत बसणं हे जुन्या लोकांचं काम, असं त्या विभागात सगळेच मानत.

तोंडी परीक्षेच्या सकाळी परिशिष्टात घालायला म्हणून तिने ती उघडली. पहिल्या वाक्यात काका दार ढकलत राहिले होते. दुसऱ्यातही. पन्नासाव्यातही काका दारातच! हे उदाहरण सरांच्याच पुस्तकातलं. पोरांनी ते परीक्षेच्या नोट्समध्ये जसंच्या तसं उतरवलं, नोट्स इंटरनेटवर चढल्या आणि तिथून हिने त्या इमानेइतबारे उचलल्या. चारशे अठरापैकी तीनशे एक्याण्णव काका निघाले. विभागातली तिची नोकरी या पदवीच्या अटीवरच होती.

ती धावत सरांच्या खोलीत गेली.

"मग काय झालं? वाक्यं मराठीच आहेत ना?" सर म्हणाले. "तू गप्प बस. परीक्षक कुठे वाचतायत? मी तरी कुठे वाचली?"

परीक्षकांनी खरंच वाचली नव्हती. चहा पिता पिता त्यांनी आपलं सहज विचारलं, "ही वाक्यं नेमकी कुणाची हो?"

टेबलाखालून सरांनी तिच्या पायावर बूट दाबला. त्या बुटाने मात्र तिचं डोकं फिरलं.

"सरांची," ती म्हणाली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

परीक्षकांनी फाइल मिटली. पुन्हा गोळा करा, या वेळी वाचून मोजा, एवढं बोलून ते निघून गेले.

"सहा वर्षं पाण्यात घातलीस!" सर कडाडले.

रडू आवरत तिने कागद गोळा केले.

"माझी सहा, सर. तुमची तीस."