दादांच्या नावाचे खड्डे

दादांना, माझ्या वडिलांना, जाऊन तिसरा दिवस होता. राख सावडून, मडकं घेऊन आम्ही माळावर गेलो, तर तिथं मांडव होता, लाउडस्पीकर होता आणि गवतात रांगेनं खोदलेले खड्डे होते. आदल्या दिवशी आम्ही घरात बसून असताना जेसीबी फिरला होता.

हल्ली आमच्याकडे बरेच जण राख नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात टाकून वर झाड लावतात. एरवी मीही या चालीचं कौतुक केलं असतं.

"पाचशे खड्डे, शिवकन्याताई," सरपंच तातेराव म्हणाले. "रायभानमामांचं स्मृतिवन! मामांनी जिंदगीभर पाखरं जपली. आता झाडं आली की पाखरंच पाखरं."

फलकावर दादांचा फोटो, शेजारी वाघ, खाली 'वन्यजीव वाचवा'. दादांनी जन्मात वाघ पाहिला नव्हता.

त्यांनी जपला तो तणमोर. कोंबडीएवढा, उंच गवतात राहणारा पक्षी. देशात आता फार थोडे उरलेत. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. झाडांच्या गर्दीत तो राहत नाही. सावलीत गवत मरतं, फांदीवरून कावळे अंडी हेरतात. म्हणून दादा दसऱ्यापर्यंत या माळात मेंढरू घालत नसत, दुसऱ्यालाही घालू देत नसत. तीस वर्षं त्यासाठी शिव्या खाल्ल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना एकच नर दिसला. यंदा, अंथरुणाला खिळायच्या आधी, जोडी दिसली होती.

"इथं झाडं लावू नका," मी म्हणाले.

"का बरं? रिकामाच पडून राह्यलाय माळ."

"रिकामा नाही. गवत आहे."

"गवत काय ताई, माझ्या पत्र्यावर बी उगवतं!"

लोक हसले. मेंढरं घालू दिली नाहीत म्हणून ज्यांनी दादांशी बोलणं टाकलं होतं, तेही हातात रोप घेऊन उभे होते.

मी या विषयावर कपाटभर वाचलंय. त्यातलं काही सांगणार, तेवढ्यात माय पुढं झाली.

"तातेराव, आधी राख पडल्याबिगर झाड लागत न्हाई ना?"

"न्हाई मामी. पहिला मान मामांचाच."

"मंग राख भेटणार न्हाई."

माझ्या हातातलं मडकं घेऊन ती गवतात शिरली आणि मूठमूठ राख तिथंच पसरली. परत येऊन खड्ड्याच्या कडेला बसली, हातानं माती आत लोटू लागली. मीही बसले. दुसऱ्या ढिगाऱ्यात तणमोराच्या अंड्यांची टरफलं सापडली, हिरवट तपकिरी, आतून ओली. मी ती तातेरावांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी एक टरफल बोटानं उलटवून पाहिलं. मग म्हणाले, "आम्हाला काय माहीत, ताई?"

"तीस वर्षं सांगत होते ते."

लाउडस्पीकर कुणीतरी बंद केला. जालन्याहून बोलावलेला फोटोवाला कॅमेरा खाली घेऊ लागला.

"काढ की बाबा," माय म्हणाली. "बुजवताना काढ."

तातेरावांनी फोन काढला. "जेसीबीवाल्याला बोलावतो. जल्दी होईल."

"चाक नको आता इथं," मी म्हणाले. "अजून घरटी असतील. हातानं."

त्यांनी फोन खिशात ठेवला, मांडवाकडं एकदा पाहिलं आणि चपला काढल्या.