पेलिकन रोव्हर्सची वंशावळ

दिग्रसला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या राजकुमारला आपल्या तांड्यातल्या झाडून सगळ्या माणसांचा तिटकारा होता, आणि त्याला तशी कारणंही होती. त्याचं घर तांड्याच्या भाटाचं. लग्न लागण्याआधी नवऱ्यामुलाच्या घराण्याची वंशावळ मांडवात म्हणायची, हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. हक्क म्हणायचा आपला. प्रत्यक्षात मांडवाच्या कडेला बसायचं, ‘ए भाटा’ अशी हाक आली की उठायचं, कुणाच्या तरी खापरपणज्याला सिंह म्हणायचं आणि शेवटच्या पंगतीत जेवायचं. बाप उकंडा जन्मभर हेच करत आला होता. पोरानं लहानपणीच ठरवलं, मेलो तरी हे करणार नाही.

पण भाटाच्या घरातली पाठांतराची ताकद रक्तातच आलेली. ती कुठं जाणार? ती त्यानं कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या फुटबॉल क्लबला वाहिली. पेलिकन रोव्हर्स त्याचं नाव. क्लब व्यावसायिक, खेळाडू पगारी, आणि निकाल असे की गल्लीतल्या पोरांनीही तोंड लपवावं. एकदा पहाटे मोबाइलवर त्यांचा सामना दिसला. पाच गोल खाऊनही गोलकीपर सहाव्या चेंडूवर तेवढ्याच जोरानं झेपावत होता. राजकुमार तिथं अडकला तो अडकलाच. गोदीतल्या कामगारांनी क्लब कसा काढला, कुठल्या वादळात मैदान वाहून गेलं, कुठल्या मोसमात किती जिंकले, किती हरले, सगळं त्याला तोंडपाठ. जिंकले मूठभर, हरले पोतंभर. आणि क्लबनं ते जसंच्या तसं जगापुढं मांडलेलं, कसली लपवाछपवी नाही. राजकुमारला मोठेपणा वाटायचा तो यातच. आपल्या वंशावळीत एक तरी पूर्वज कधी हरला आहे का? सगळे वाघ, सगळे दानशूर. मग त्यांची नातवंडं अशी कशी निपजली, ते मात्र कोणी सांगत नाही.

यंदा उकंडाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. त्यातच देवसिंग नायकाच्या नातवाचं, सोनूचं, लग्न निघालं. देवसिंग म्हणजे तांड्याचा प्रमुख. बोलला की शब्द खाली पडू न देणारी दहा माणसं त्याच्या मागं उभी. त्यानं निरोप धाडला की भाटाच्या घरातून कोणी उभं राहिलं नाही तर पुसदकडचा भाट आणू, आणि मग पुढंही तोच येईल. उकंडा पोरापुढं हात जोडायचाच बाकी राहिला. आपल्या डोळ्यांदेखत घराचा हक्क जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं. राजकुमार हो म्हणाला. वंशावळ शिकायला रोज बापासमोर बसला, मान डोलावली, आणि एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं.

कारण त्याच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. या लोकांची भर मांडवात फजिती करायची. मधेच कोणीतरी उठेल, गचांडी धरेल, दोन थोबाडीत देईल. देऊ दे. निदान एकदा तरी भाट काय म्हणतो ते यांनी ऐकलं असं होईल.

मांडवात सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं, म्हणजे कोणाचं कशात लक्ष नव्हतं. डीजेवाला वायरी जोडत होता, पाहुणे मोबाइलमध्ये माना घालून बसले होते, देवसिंग पुढाऱ्याच्या गाडीची वाट बघत होता. राजकुमार उभा राहिला. डफावर थाप मारली आणि बापाच्याच चालीत, बापाच्याच हेलात त्यानं सुरुवात केली. गोदीवरचे सात कामगार त्यानं मूळपुरुष म्हणून उभे केले. वादळात वाहून गेलेलं मैदान सांगितलं. मग एकेक मोसम घेतला.

‘किंग्स्टनले गेले, हारून आले. ब्रिजटाउनले गेले, हारून आले. घरी खेळले, घरी बी हारले.’

कोणी उठलं नाही. उठणार कसं? पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेले. वंशावळीत अनोळखी गावांची नावं असायचीच. किंग्स्टन हाही एखादा मुक्काम असेल, एवढं धरून म्हातारे माना हलवत राहिले. राजकुमारला चेव चढला. त्यानं देवसिंगच्या घराण्यावर एकामागून एक पराभव लादले, शेवटून पहिला नंबर तीनदा दिला, गोलकीपरचा गुडघा मोडला. लोक ‘वाह, वाह’ करत होते. गाढवापुढं गीता वाचली तर निदान ते कान तरी हलवतं.

शेवटची थाप पडली तेव्हा देवसिंग उठला. त्यानं रिवाजाप्रमाणं राजकुमारच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘माह्या घराण्याचा असा मान तुह्या बापानं बी कधी केला नाही.’

राजकुमारला हसू फुटणार होतं. इतकी वर्षं जे म्हणत होतो ते आज भर मांडवात सिद्ध झालं, ढोरं ती ढोरंच. हसण्यासाठीच त्यानं बापाकडं पाहिलं.

उकंडा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. सुरुवातीला तो पोराबरोबर ओठ हलवत होता, खरी वंशावळ मनात म्हणत होता. ते ओठ कधीचे थांबले होते. राजकुमार जवळ जाऊन बसला. आता शिव्या खाव्या लागणार, असं त्याला वाटलं. खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘कोनीच नाही उठलं रे?’ उकंडानं कुजबुजत विचारलं.

‘नाही, बा.’

म्हातारा मोबाइलमध्ये माना घातलेल्या पाहुण्यांकडं वळला. मग म्हणाला, ‘मंग माह्या वक्ती बी कोनी आयकत नोहतं का?’

सगळ्या तांड्याची फजिती करायला निघालेल्या या दीडशहाण्यानं फजिती केली होती ती नेमकी एकाच माणसाची, आणि तोच एकटा ऐकत होता. स्वतःइतका क्षुद्र माणूस त्याला त्या मांडवात दुसरा दिसेना.

‘आयकत होते, बा,’ तो म्हणाला. ‘तू उभा राह्यला का लेकरं रडाची थांबत. लोकं हातातला घास तसाच धरून बसत. तुह्यासारखा भाट या मुलखात झाला नाही.’

उकंडानं त्याच्याकडं पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पूर्वजांना सिंह म्हणत आलेला माणूस तो. खोटी स्तुती त्याला कळत नव्हती थोडीच?

‘हे मात्र चांगलं म्हटलं तू,’ तो म्हणाला.