पूर्ण मापाची पेटी

पाळक दारात येऊन उभे राहिले, तरी सुताराने रंधा थांबवला नाही. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ढकलत नेला, सालपट खाली पडू दिलं आणि मगच मान वर केली.

“गेला तो,” पाळक म्हणाले. “पहाटे. इस्पितळातच.”

“हं.”

“दुपारी घरी आणतील. उद्या सकाळी दफन.”

सुताराने फळीवरून तळवा फिरवला. खरखरीत लागलं तिथे पुन्हा रंधा मारला. पाठचा भाऊ गेल्याचं ऐकून माणूस असं करतो का? हा करतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. याच्या सुंभाला तर अजून काडीही लागली नव्हती.

“पेटी मी करणार,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला सांगू नका.”

“तेच विचारायला आलो होतो. माप घ्यायला याल ना दुपारी?”

आसपास कुणीही गेलं की हा स्वतः त्या घरी जायचा. टेप न्यायचा नाही. टेपचा तो खर्रकन आवाज मेलेल्या माणसाच्या उशाशी बरा वाटत नाही, असं त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं. खिशात सुतळी असायची. डोक्यापासून टाचेपर्यंत ती धरायची, गाठ मारायची आणि घरच्यांना उगाच समजावत न बसता निघायचं. त्याच्या पेटीत कधी बोटभर जागा उरली नाही की कधी कुणाला दाटी झाली नाही.

“माप कशाला?” तो म्हणाला. “पाठचा भाऊ माझा. त्याचं माप मला माहीत नाही?”

पाळक काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, “खरंच. तुम्हांला मी काय सांगणार!” आणि निघून गेले.

दोघे भाऊ वडिलांच्या हाताखाली याच कारखान्यात शिकले. थोरला बुटका, अबोल, कामाला वाघ. धाकटा उंच, इतका की वडील म्हणायचे, याच्यामुळे शिडीचा खर्च वाचला. बोलघेवडाही तेवढाच. कारखान्याच्या चौकटीला रोज एकदा तरी त्याचं कपाळ आपटायचं आणि रोज तो तेच म्हणायचा, “आपणच केलेली चौकट, आणि आपल्यालाच मारते!” थोरला हसायचा नाही. पण ज्या दिवशी कपाळ आपटलं नाही त्या दिवशी मान वर करून बघायचा.

आईला शेवटी शेवटी कशाचं भान राहायचं नाही. एका दुपारी थोरला कपाट पोचवायला गेला आणि जाताना बजावून गेला, आईजवळून हलू नकोस. धाकटा हलला. कोपऱ्यावर कुणी दोस्त भेटला, “आलोच” म्हणून गेला आणि गप्पांत रंगला. आई मागच्या जिन्यावरून पडली. तिला पुरून आल्यावर थोरला कारखान्यात एवढंच म्हणाला, “आजपासून तू मला मेलास.” धाकट्याने हत्यारं तिथेच ठेवली आणि निघून गेला. पुढे तो शाळेची बस चालवायला लागला. लग्न केलं. थोरल्याने ना लग्न केलं ना त्याचं तोंड पाहिलं. दर रविवारी दोघे एकाच देवळात यायचे. एक पहिल्या बाकावर, एक शेवटच्या. देवाने दोघांचं कसं ऐकायचं, ते देवालाच ठाऊक.

पाळकांनी कृपेवर बोलायला सुरुवात केली की थोरल्याची चुळबुळ सुरू व्हायची. एकदा तर उपासना संपल्यावर त्याने त्यांना दारातच गाठलं होतं.

“म्हणजे दिवसभर राबणाऱ्याला जे मिळणार, तेच संध्याकाळी आयत्या वेळी येणाऱ्याला?”

“हो. तसंच काहीसं.”

“मग राबायचं कशाला?”

“राबून मिळाली तर ती मजुरी झाली, बाबा. कृपा नव्हे.”

“मला मजुरीच बरी,” थोरला म्हणाला होता. “फुकटातल्या फळीला वाळवी असते.” पाळक हसले होते. हा हसला नव्हता.

धाकट्याला साखरेचा आजार जडला तेव्हा भावजय कारखान्यात आली. ती तोंड उघडणार तोच, “त्याचं मला काही सांगू नकोस,” म्हणून याने करवतीचं यंत्र सुरू केलं. त्या घरघराटात ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. याने लाकूड पुढे सरकवलं. पुढे धाकट्याला दूरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथून एकदा कपडे न्यायला आली तेव्हा ती पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी यंत्र बंद होतं.

“एकदा येऊन जा, भाऊजी. आता फार दिवस नाहीत.”

“बघू,” तो म्हणाला.

आणि गेलाही होता! हे कुणालाच माहीत नव्हतं. एका रविवारी उपासना संपल्यावर तो बसमध्ये बसला, इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेला, आतल्या झाडाखालच्या बाकावर टेकला. आत जाऊन काय म्हणायचं? ‘क्षमा केली’ म्हणायचं, तर केली नव्हती. ‘कसा आहेस’ म्हणायचं, तर इतकी वर्षं का विचारलं नाहीस? बसून बसून तो उठला आणि परतीच्या बसमध्ये चढला. पुढच्या रविवारी जाऊ, असं त्याने ठरवलं होतं. तो पुढचा रविवार अजून यायचा होता.

पाळक गेल्यावर त्याने माळ्यावरून जुनं सागवान काढलं. ते त्याने स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. त्यातल्या उत्तम फळ्या निवडून खाली घेतल्या. मग चौकटीपाशी गेला. धाकट्याचं कपाळ जिथे आपटायचं तिथला रंग अजून उडालेला होता. जमिनीपासून तिथवर त्याने सुतळी धरली, वर बोटभर वाढवली आणि गाठ मारली. दिवसभर तो खपला. सांधे असे बसवले की नखही शिरू नये. आतून मऊ कापड लावलं. दोनदा डोळे भरून आले तेव्हा भुसा गेला म्हणून पुसले. काम संपलं तेव्हा त्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं जे काही देणंघेणं होतं ते या पेटीने फिटलं, असं त्याने मनाशी धरलं.

सकाळी त्याने ती हातगाडीवरून धाकट्याच्या घरी नेली. घर लहान, माणसं दाटलेली. शेजारचा शिंपी होता, त्याची बायको होती, शाळेतल्या दोघी मास्तरणी होत्या, पाळक होते. पेटी आत आली तशी सगळे बाजूला झाले. “काय काम आहे!” कुणीतरी हळूच म्हणालं. थोरल्याने ते ऐकलं.

पलंगावर धाकटा पांढऱ्या चादरीखाली होता. चेहरा तेवढा उघडा. तो चेहरा थोरल्याने ओळखला आणि नाहीही ओळखला. गालांत खड्डे पडले होते, पण कपाळ तेच होतं. मग त्याची नजर छातीवरून खाली गेली, आणि मांडीच्या खाली चादर सपाट झालेली त्याला दिसली. तिथून पलंगाच्या टोकापर्यंत नुसती गादी होती.

त्याला वाटलं, पाय दुमडून ठेवले असतील. शिंप्याने आणि पाळकांनी मिळून धाकट्याला उचललं. फार सहज उचललं. पेटीत ठेवलं. डोकं, खांदे, छाती, कंबर. आणि त्याच्या पुढे ते मऊ कापड, थोरल्याने काल जपून सुरकुती काढून लावलेलं, अर्ध्या पेटीभर रिकामं.

मग शिंप्याच्या बायकोला राहवलं नाही.

“अगंबाई! यांना माहीतच नव्हतं की काय?”

“गप,” शिंपी म्हणाला. पण नंतर तोही थोरल्याकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले. पाळकांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. भावाचे दोन्ही पाय गेले आणि सख्ख्या भावाला पत्ता नाही. पहिल्या बाकावर बसणारा हा. ज्याच्या मापात कधी बोटभर चूक झाली नाही तो हा. धरणी दुभंगावी आणि तिने पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात ते का, हे थोरल्याला त्या घडीला कळलं.

भावजय पलंगापाशी उभी होती. ती पुढे आली. पेटीच्या रिकाम्या भागातल्या कापडावरून तिने हात फिरवला.

“पेटी पूर्ण मापाची करा, असं मीच सांगितलं होतं भाऊजींना,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “शेवटच्या दिवशी उठायचंय यांना. पायांवर उठायचंय. अर्ध्या पेटीतून कसे उठतील?”

“आमेन,” पाळक म्हणाले. खरंतर ते त्यांच्या तोंडून निसटलं.

शिंप्याची बायको पदराने डोळे पुसायला लागली. “मी मेली काहीतरीच बोलते,” म्हणाली. बघता बघता खोलीतल्या माणसांच्या नजरा खाली झाल्या आणि त्या नजरांतलं ते सगळं निघून गेलं. थोरल्याने भावजयीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

खांदा द्यायला तो पायाकडच्या बाजूला लागला. सगळं वजन पुढच्यांवर होतं. त्याच्या खांद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं, आणि तरी कबरस्तानापर्यंत चालताना त्याला दम लागला.

संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, तो हत्यारांची पिशवी घेऊन पुन्हा त्या घरी गेला. भावजय एकटीच बसली होती.

“मागच्या दाराचं बिजागर सुटलंय,” तो म्हणाला. “सकाळी बघितलं. बसवून टाकतो. खिडकीही फुगली आहे. आणि पलंग...”

“भाऊजी, बसा.”

“लगेच होईल. नंतर कपाटही एक...”

“काही करू नका. बसा.”

तो बसला. पिशवी मांडीवर धरून बसला.

“माझ्यासाठी खोटं बोललीस तू,” तो म्हणाला. “देवाच्या माणसासमोर.”

“तुमच्यासाठी नाही बोलले.” तिचा आवाज चढला. “गैरसमज नको. मला तुमचा राग आहे. यंत्र चालू केलंत ना तुम्ही माझ्या तोंडावर, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण यांनी जे इतकं सांभाळलं, ते मी त्यांच्याच पेटीपाशी मोडू?”

“काय सांभाळलं?”

सांगावं की नाही, असं तिचं चाललेलं दिसत होतं.

“वॉर्डात सगळ्यांना सांगायचे, दादा येतो म्हणून. काम आटोपून उशिरा येतो, तोवर हिला झोप लागलेली असते. नर्सला सांगायचे, शेजारच्या खाटेवाल्याला सांगायचे. पाळक भेटायला आले तर त्यांनाही तेच. मी म्हटलं, अहो, कशाला हे खोटं? तर म्हणाले, उद्या मी नसलो की लोक त्याला बोलतील. तुला तुझी माणसं आहेत, त्याला कोण आहे?”

थोरल्याच्या मांडीवरची पिशवी घसरली आणि पटाशी फरशीवर वाजली. त्याने ती उचलली नाही. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो रडत होता, आणि ते त्याने लपवलंही नाही. आईच्या वेळी तो रडला नव्हता. भावजय उठली नाही की जवळ आली नाही. तिने त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला तोंड पुसलं.

“मी काय बोलायचो?” त्याने विचारलं.

“कधी?”

“यायचो तेव्हा. त्याच्याशी काय बोलायचो म्हणाला?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “दादा कुठे बोलतो, म्हणायचे. नुसता बसतो उशाशी. आणि जाताना माझ्या पायांवर पांघरूण घालून जातो.”