सावलीतलं सौरछत

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला 'हवामान, ऊर्जा आणि आपले निर्णय' या शिबिरात घातलं, कारण घरात माझ्या प्रश्नांना सगळे कंटाळले होते. "तिथे विचार काय विचारायचं ते, त्यांना त्याचाच पगार मिळतो," आई म्हणाली. शिबिर वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या तासाला मी सतरा प्रश्न विचारले आणि मॅडमनी माझं नाव शंकासूर ठेवलं. माझ्याबरोबर शिबिरात आलेला मामेभाऊ मात्र आधीपासूनच झेरॉक्स होता. एकदा पाहिलेला कागद तो हुबेहूब बनवतो, अगदी कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी काम दिलं. एक प्रकल्प ठरवायचा, नोटीस काढायची, हरकती ऐकायच्या आणि निर्णय लिहायचा. सगळं लुटुपुटूचं. हरकती घ्यायला शिबिरातलाच दुसरा गट येणार होता.

आमच्या गटाने मोबाइलवर नकाशा उघडला. वाचनालयाच्या मागच्या बोळात एक रिकामा चौकोन दिसला. तिथे लोखंडी छत उभारायचं, वर सौर पॅनल, खाली सायकली. दिवसाला आठ तास ऊन, म्हणजे वाचनालयाचे सगळे पंखे फुकट. झेरॉक्सने अर्ध्या तासात नोटीस तयार केली. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की,' जावक क्रमांक, सुनावणीची जागा आणि वेळ, सही, सगळं आलं.

"जावक क्रमांक कुठून आणलास?" मी विचारलं.

"आत्याच्या फोनचे शेवटचे चार आकडे."

नोटीस वर्गात लावायची होती. पण झेरॉक्सला वाटलं, नोटीस तर जागेवर लावतात. त्याने ती खाली बोळाच्या भिंतीवर डकवली आणि कुणाला सांगितलं नाही.

सुनावणी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होती. अध्यक्ष म्हणून मॅडमनी नगरपालिकेच्या कार्यालयातल्या साहेबांना बोलावलं होतं. साहेब आले, खुर्चीत बसले, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "हं, पहिला हरकतदार."

दुसऱ्या गटातला मुलगा उठायच्या आत दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आत आला. हातात आमची नोटीस होती, भिंतीवरून अलगद सोडवलेली. नखांत मात्र काळं वंगण होतं.

"मी पंक्चरवाला. मागच्या बोळात अकरा वर्षं बसतोय. ही नोटीस वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझी जागा जाणार असेल तर सांगा, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगायला बरं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नकाशावर हा माणूस नव्हता!

मॅडम घाईघाईने उठल्या. "अहो काका, हे खरं नाही, मुलांचा सराव..."

"बाई, मला उल्लू बनवू नका. यावर जावक क्रमांक आहे."

"हरकतदाराला बोलू द्या," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

काका बोलले. "तुम्ही उन्हाची वीज काढणार ना?"

"हो," झेरॉक्स म्हणाला.

"मग तिथे कशाला? सावली आहे म्हणून तर मी तिथे बसतो!"

मला राहवेना. "दिवसभर सावली? किती वाजल्यापासून?"

"चल, दाखवतो."

सुनावणी अख्खी जिना उतरली. साहेबही आले, कारण मॅडमच्या हातातली फाइल खाली उतरत होती. बोळ गार होता. एका बाजूला वाचनालयाच्या तीन मजल्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला तेवढीच उंच गोदामाची. जमिनीवर खडूच्या दोन रेघा होत्या.

"या रेघेवर अकराला ऊन येतं. त्या रेघेवर दीडला जातं. उन्हात फुगवलेली ट्यूब ठेवली की फटकन फुटते, म्हणून तेवढा वेळ मी पेटी भिंतीला सरकवतो."

"आणि थंडीत?"

"थंडीत ऊन खाली उतरतच नाही. मी स्वेटर घालतो."

मी वहीत लिहीत होते. आठ तासांचे अडीच झाले, थंडीत शून्य. वाचनालयाचे सगळे पंखे कुठले, एक पंखा चालला असता, तोही सुट्टी घेत घेत. आम्ही अख्ख्या वस्तीतली एकमेव सावलीची जागा शोधून तिथे सौरछत उभारणार होतो.

"काका, वर गच्चीवर?" मी विचारलं.

"गच्चीवर ऊन मरणाचं. पण मला कोणी विचारलंय का आजवर?"

वर येऊन आम्ही निर्णय लिहिला. 'सदर जागा सौरछतास अयोग्य. पंक्चर दुरुस्ती जागेवरच राहील. गच्चीचा विचार व्हावा.' झेरॉक्सने नेटका कागद केला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांचा हात खिशात गेला, शिक्का बाहेर आला आणि धाडकन कागदावर बसला. वर सही. मग त्यांनी विचारलं, "पुढचं प्रकरण?"

"साहेब," मॅडमचा आवाज बारीक झाला, "हे शिबिर आहे. पत्रात लिहिलं होतं."

"मला विषयात 'सुनावणी' दिसलं." साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. "हा आमचा खरा शिक्का आहे हो!"

"म्हणजे माझी जागा जाणार नव्हतीच?" काकांनी विचारलं.

"नव्हती," मी म्हणाले. "सॉरी काका."

मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. पण त्यांनी कागद उचलला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. अकरा वर्षांत त्यांना तिथून उठवणारे पुष्कळ आले होते. राहा म्हणणारा कागद हा पहिलाच. त्यांनी तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर बटण लावलं.

"अहो, तो परत द्या!" साहेब ओरडले. "रद्द करावा लागेल."

"कसा करतात रद्द?" मी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "नवी नोटीस काढायची. हरकती मागवायच्या. सुनावणी घ्यायची."

"चालेल," पंक्चरवाले काका दाराकडे जात म्हणाले. "नोटीस मी पेटी सरकवतो त्या भिंतीवरच लावा. दिवसभर सावली असते, कागद पिवळा पडत नाही."